नववी ड तुकडी आसनस्थ जाहली त्याची हकीकत

श्री खडू समर्थ

घंटा हीच जेथील नौबत, डस्टर हीच जेथील ढाल, आणि मधली सुट्टी हाच जेथील उभय पक्षांस मान्य असा एकमेव तह, त्या सरकारी हायस्कुलाचे वर्तमान सावध चित्ते ऐकावे. पुढील पिढ्यांस वाटेल की नववीच्या अ, ब, क यांमागोमाग ड ही तुकडी आपोआप उगवते, जैसे बाकाखाली च्युइंगगम उगवते. तर तैसे नव्हे. ही तुकडी राखावयास थोर थोर मंडळी खपली, एका सरांची विजार उसवली, दोन बाके जायबंदी जाहली, आणि परिपत्रकातील एका शब्दावरून ऐसे रण माजले की शब्दकोशानेही कानांवर हात ठेवावे. ते सारे जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल तर ते केवळ शोभेपुरते.

पूर्वी या हायस्कुलाचा अंमल मोठा. नाक्यापलीकडील कोल्ड स्टोरेज जोरात चालत होते आणि तेथील कामगारांची पोरे लोंढ्याने येत होती आणि एके काळी नववीस इ पर्यंत तुकड्या होत्या आणि इ तुकडी जिन्याखाली बसत होती. मग कोल्ड स्टोरेज थंड पडले, आणि माणसे उठोन दुसऱ्या मुलखी गेली, आणि जी राहिली त्यांनी दोन लेकरांवरून एका लेकरावर मुक्काम आणिला, आणि कित्येक नव्या जोडप्यांनी तर मांजर पाळून विषयच मिटविला. अशात रस्त्यापलीकडे खाजगी शाळेने ठाणे घातले. त्या गनिमापाशी तीन तोफा होत्या: निळा कोट, टाय आणि पोहण्याचा तलाव. तलावात अद्याप पाणी नव्हते, परंतु फलकावर होते, आणि आईबापांस फलकावरच पोहावयाचे होते. येणेप्रमाणे रयत घटत गेली.

रयत घटली तशी शिबंदी घटली. चित्रकलेचे सर निवृत्त जाहले, त्यांच्या जागी कोणी आले नाही, मात्र त्यांची खुर्ची आजवर रोज इमानेइतबारे पुसून ठेविली जाते. विज्ञानाच्या बाई बदलून गेल्या आणि प्रयोगशाळेतील सांगाडा एकटा पडला. इतिहासाच्या सरांकडे इतिहास, नागरिकशास्त्र, ग्रंथालय आणि पाण्याची टाकी ऐसा चार परगण्यांचा कारभार आला, आणि ते ग्रंथालय उघडीत तेव्हा टाकी वाहून जाई, आणि टाकी बंद करावयास जात तेव्हा ग्रंथालय वाहून जाई.

उरली ती नववी ड. तिचे सैन्य म्हणाल तर नाना रंगांचे. नदीवर नवा पूल बांधावयास दूरदूरून आलेल्या लोकांची पोरे तीत होती, ज्यांच्या घरी तीन निराळ्या भाषा आणि भांडणास चौथी. मुलींचा भरणा मुलांहून अधिक, म्हणोन शिस्त मुलींकडे आणि गोंधळ मुलांकडे ऐसी रास्त वाटणी. आणि पिछाडीस चार जुने जाणते वीर, ज्यांनी नववीची मोहीम एकवार करून, अर्ध्या वाटेवरून माघारी फिरून, तीच मोहीम पुनः आरंभिली होती. लोक त्यांस नापास म्हणत. येथे त्यांस अनुभवी म्हटले आहे. त्यांचा म्होरक्या लंबू, ज्यास मिशी फुटली होती आणि जी मिशी गणवेशाच्या कोणत्याच नियमात बसत नव्हती.

तो शिक्षण कार्यालयाहून खलिता आला. त्याचा मजकूर ऐसा जे, तपासनीस साहेब खासा येऊन शिरगणती करतील, ज्या तुकडीत तीस शिरे भरतील ती तुकडी राहील, जीत एकोणतीस भरतील ती शेजारच्या तुकडीत विरघळेल, आणि तुकडी विरघळली की एक शिक्षक अतिरिक्त ठरोन दूरच्या शाळेत रवाना होईल. अतिरिक्त म्हणजे ज्याची गरज कालपर्यंत होती, उद्या पुनः पडेल, परंतु आज कागदास दिसत नाही ऐसा मनुष्य. आणि कोणी अतिरिक्त व्हावे याचा शिरस्ता ठरलेला: शेवटी आला तो आधी जाईल. शेवटी आल्या होत्या भूगोलाच्या बाई.

या बाई वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या. पुलावरच्या पोरांस त्यांनी पहिल्याच तासाला विचारिले होते की, "तुम्ही कुठकुठल्या नद्या ओलांडून इथवर आलात?" आणि जी पोरे तोवर तोंड उघडीत नव्हती ती जी बोलू लागली ती अद्याप थांबलेली नाहीत. अशा बाईंनी नोकरी धरतेवेळी घरी सासूबाईंशी तह केला होता. बहुत वाटाघाटी जाहल्या, उभय बाजूंनी भांडी आपटली गेली, आणि नातवास सांभाळावयाचे सासूबाईंनी कबूल केले, परंतु शेवटी एक कलम घातले जे, "शाळा कोपऱ्यावर आहे तोवर ठीक आहे, सूनबाई. पण दोन बस बदलायच्या झाल्या, तर घरीच बस." यजमान या समयी तटस्थ राहिले. तटस्थ राहणे हाच त्यांचा लग्नापासूनचा हुद्दा. आणि ती दूरची शाळा नेमकी दोन बसवर होती. म्हणजे नववी ड गेली तर बाईंची नोकरी गेली, मधले सारे नुसते कागद.

बाईंचे पाठीशी पहिला उभा राहिला तो पीटीच्या सरांसारखा मोहरा. याचे कारण लिहिणे प्राप्त आहे. बाई गेल्या तर भूगोल कोणी शिकवावा, याची तजवीज मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका यांनी, आधीच योजिली होती जे, पीटीचे सर दिवसभर मैदानात असतात, मैदान हे भूगोलात मोडते, सबब भूगोल त्यांस द्यावा. हे ऐकोन ज्या सरांनी उभ्या आयुष्यात दम खाल्ला नव्हता ते अक्षांश हा शब्द ऐकताच बाकावर टेकले. त्यांस पूर्व दिशा सकाळी ठाऊक असे. दुपारनंतर ते जबाबदारी घेत नसत. मग ते तडक बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अजिबात घाबरू नका. तुम्ही गेलात तर मी मेलो."

"सर, तुम्हाला माझी इतकी काळजी?"

"तुमची नाही हो. रेखांशांची."

मग शिक्षकदालनात मसलत बसली. मोठ्या बाई खुर्चीवर विराजमान जाहल्या, चहा आला, बिस्किटे आली, बिस्किटे गेली, आणि मग मुद्दा निघाला. शिरगणती दुसऱ्या तासास होणार, आणि दुसरा तास नववी ड वर गणिताच्या सरांचा. या सरांस मुलांनी 'बाहेरहो' हा किताब दिधला होता, कारण त्यांच्या मुखातून निघणाऱ्या शब्दांत 'बाहेर हो' या दोहोंचा वाटा सर्वांत मोठा. कित्येक पोरे व्हरांड्यातच वयात आली. आणि दिलेली शिक्षा तासाच्या घंटेपूर्वी मागे घेतली ऐसे सरांच्या हयातीत घडले नव्हते. ते म्हणत, शिक्षा आणि बेरीज एकदा मांडली की मांडली.

तेव्हा मोठ्या बाईंचा हुकूम जाहला जे, "सर, उद्या कोणालाही वर्गाबाहेर काढायचं नाही. कोणालाही. वर्गाला आग लागली तरी मला विचारून काढायचं."

"आणि कोणी उद्धटपणा केला तर?"

"आत ठेवा."

"आत ठेवून काय करू?"

"ते तुम्ही बघा हो!"

या 'तुम्ही बघा' मध्ये पुढील सर्व अनर्थाचे बी होते, परंतु त्या समयी सर्वांचे लक्ष शेवटच्या बिस्किटाकडे होते.

दुसरे दिवशी पीटीचे सर स्कूटरवर स्वार होऊन उजाडताच मुलखात फिरले. नववी ड च्या पटावर शिरे चौतीस. पैकी दोन शिरे निळा कोट घालून न सांगता गनिमास मिळाली होती, एकास ताप, आणि एकाचे आजोबा या सालात तिसऱ्यांदा वारले होते. म्हणजे उरली बरोबर तीस, आणि त्यांतील एकही सांडून चालणार नव्हते. सर दारोदार गेले आणि कोणास अंथरुणातून, कोणास न्हाणीघरातून, कोणास दात घासता घासता उचलून आणिले. एका वीराची माता दारात आडवी जाहली आणि म्हणाली, "आज काय एवढं विशेष, सर? परवा तर तुम्हीच म्हणालात, हा नाही आला तर वर्गाला जरा विश्रांती मिळते."

"परवाचं परवा, ताई. आज हा देशाचा आधारस्तंभ आहे."

"मग आधारस्तंभाला बूट तरी घालू द्या!"

परंतु बुटास वेळ नव्हता. आधारस्तंभ चपलेनिशी स्कूटरवर मागे बसला आणि फौज शाळेत दाखल जाहली. पहिल्या तासाची हजेरी घेतली, तीस जणांनी तीस परींनी 'हजर' म्हटले, आणि मोठ्या बाईंनी मनातल्या मनात नगारा वाजविला.

इकडे तपासनीस साहेबांची स्वारी अ, ब, क सर करीत येत होती. साहेब बारीक अंगाचे, मोजताना पेनाच्या टोपणाने एकेका शिरावर नेम धरीत, आणि फसवणुकीचे दुःख त्यांच्या मनात ताजे होते. मागे एका शाळेने एकच पोर चार वर्गांत मोजून घेतले होते. ते पोर पुढील दाराने निघे आणि पुढच्या वर्गाच्या मागील दाराने शिरे आणि वर्गागणिक स्वेटर बदली. चौथ्या वर्गात साहेब त्यास म्हणाले, "बाळ, तुला कुठंतरी पाहिलंय," आणि पोर प्रामाणिकपणे म्हणाले, "हो सर, आत्ताच." तेव्हापासून कार्यालयाने परिपत्रकात वाक्य घातले जे, मोजणीसमयी आसनस्थ असलेला विद्यार्थीच गणनेस पात्र. हे वाक्य साहेबांनीच सुचविले होते आणि त्यावर त्यांचा लेकरागत जीव होता.

आता नववी ड चे वर्तमान. गणिताचे सर आत्मसंयमाचे चिलखत घालून वर्गात शिरले आणि उदाहरण घातले जे, एक काम आठ माणसे बारा दिवसांत करतात, तर तेच काम एकटा माणूस किती दिवसांत करील. लंबू उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एकटाच असेल तर तो आधी रजा टाकेल."

वर्ग हसला. बाकीचे तिघे अनुभवी बाक बडवून हसले. सरांच्या मुखातून पूर्वसवयीने "बाहेर..." इतके सुटले, आणि वर्गाचा श्वास अडकला, आणि व्हरांड्यात तासाची वाट पाहत पृथ्वीगोल काखेत घेऊन उभ्या असलेल्या भूगोलाच्या बाईंच्या हातून पृथ्वी निसटता निसटता राहिली. परंतु सरांस हुकूम आठवला. त्यांनी तो शब्द चावला, गिळला, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "बाकावर उभे राहा. चौघंही. तास संपेपर्यंत."

चौघे चढले. आज्ञेचे अक्षरशः पालन जाहले, कोणी बाहेर गेला नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी मोठ्या बाईंस पुढे घालून साहेबांची स्वारी दारात उभी राहिली.

साहेबांनी टोपण उगारिले आणि खाली आणिले. "हे चौघे?"

"विद्यार्थी आहेत, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमचेच आहेत. फार जुने आहेत."

"असतील. पण उभे आहेत. परिपत्रकात 'आसनस्थ' आहे. उभे मला धरता येणार नाहीत."

"एवढंच ना? सर, बसवा त्यांना."

सर हलले नाहीत. "तास संपेपर्यंत शिक्षा आहे."

"अहो सर, साहेब खोळंबलेत."

"मॅडम, काल म्हणालात आत ठेवा. आत ठेवले. आज म्हणता बसवा. उद्या म्हणाल पास करा."

लंबू पंख्याखालून वाकून म्हणाला, "सर, आम्ही बसतो ना. आम्हाला काही राग नाही."

"तू गप्प! तुझ्यामुळेच झालंय सगळं."

मग मोठ्या बाईंनी साम केले, दाम केले, म्हणजे पुढच्या सालचे वेळापत्रक सोयीचे लावून देऊ ऐसे कानात सांगितले, आणि भेदही करून पाहिला. सर डगमगले नाहीत. वास्तविक तुकडी गेली तर काय जाते हे त्यांसही हिशेबाने ठाऊक होते. परंतु सबंध हयातीची इभ्रत जिभेवर बसली होती आणि ती उठे तर शब्द निघावा. इतक्यात व्हरांड्यातून भूगोलाच्या बाई पुढे आल्या, दारातच थांबल्या, आणि म्हणाल्या, "सर, असू द्या. माझ्यासाठी शिक्षा मोडू नका. तुम्ही एकदा मोडलीत की ही पोरं तुमचं कधी ऐकणार नाहीत." याने तर सरांची अवस्था आणखी बिकट जाहली. चष्म्यावर वाफ धरली, तोंड उघडले, तोंड मिटले, आणि 'बसा' हा दोन अक्षरांचा शब्द घशात आडवा पडला तो पडलाच.

साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांस आणखी दोन शाळा मोजावयाच्या होत्या. ते लिहावयास लागले.

तेव्हा गर्दी सारून पीटीचे सर आत घुसले, जैसा पुराचा लोट दारात घुसतो तैसे, आणि गरजले, "साहेब, थांबा! आसनस्थ म्हणजे काय? आसनात असलेला! आणि उभं राहणं हेसुद्धा आसनच आहे! ताडासन!"

वर्गात ऐसी शांतता पडली जैसी पेपर वाटताना पडते. साहेबांनी परिपत्रक डोळ्यांजवळ नेले, दूर नेले, उलटे करून मागची बाजू कोरी आहे याची खातरजमा केली, आणि निर्णय सांगितला जे, "आसनाचा प्रकार दिलेला नाही, हे खरं आहे." मग म्हणाले, "पण हे ताडासन नाही. ताडासनात हात वर लागतात, टाचा उचललेल्या लागतात. मी रोज सकाळी करतो."

"हात वर!" पीटीच्या सरांनी आरोळी दिली. "टाचा वर!"

गणिताच्या सरांनी घसा साफ केला. "म्हणजे उभेच राहणार ना?"

"उभेच, सर. उलट जास्तच उभे."

"मग माझी हरकत नाही," असे सर म्हणाले आणि त्यांची इभ्रत जिभेवरून उतरून जागेवर गेली. चौघांनी हात वर केले. लंबूचे हात पंख्यास भिडावयास लागले, तो मॉनिटर मुलीने झेप घालून पंखा बंद केला आणि म्हटले, "मूर्खा, आधी बघ तरी वर!" बाके करकरली. परंतु चारही ताड ताठ उभे राहिले.

"छान," साहेब म्हणाले. "आता बाकीचे. हे कोणत्या आसनात आहेत?"

पीटीच्या सरांचा चेहरा उतरला. "बसलेत, साहेब."

"बसणं वेगळं आणि आसन वेगळं, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. एका वर्गाला दोन नियम कसे लावू?"

येथे कच्च्या मनाचा मनुष्य असता तर शरण गेला असता. परंतु पीटीच्या सरांच्या डोळ्यांपुढे कर्कवृत्त उभे राहिले आणि त्यांच्या अंगी बळ संचारले. त्यांचा जाहीर हुकूम सुटला जे, "ज्याला जे येतं ते करा! पण करा!" मग एकच धुमाळी माजली. दप्तरे खाली गेली आणि पोरे वर गेली. पुलावरच्या मुली बापांसारख्याच तोलाच्या पक्क्या, त्या एका पायावर वृक्षासनात उभ्या राहिल्या आणि हलेनात. मुलांनी बाकांवर मांड्या घातल्या, त्यांतील काहींच्या मांड्या एकमेकांत अडकल्या आणि कोणाची कोणती यावरून तंटा लागला. "सर, मला फक्त वज्रासन येतं!" "मग वज्रासन कर, मला काय सांगतोस!" "सर, ह्याचा पाय माझ्या डब्यात आहे!" एका कोपऱ्यात दोघांनी भुजंगासनासाठी एकच बाक धरिले आणि बाकाने प्राण सोडिला. शेजारचे बाक त्यामागे सती गेले. स्वतः पीटीचे सर वीरासनाचा नमुना दाखवावयास गुडघ्यावर गेले, तो पाठीमागून ऐसा आवाज जाहला जैसे कोणी परिपत्रक फाडीत आहे. त्यांनी मागे हात नेला, परिस्थिती जाणली, आणि उरलेले युद्ध भिंतीस पाठ लावून लढले.

मग साहेबांनी टोपण उगारिले. एक, दोन, तीन करीत बिनीच्या बाकांपासून चंदावलीपर्यंत, म्हणजे पार मागच्या बाकांपर्यंत, गेले, परत आले, पुनः गेले. मग म्हणाले, "एकोणतीस."

मोठ्या बाईंची मान सावकाश गणिताच्या सरांकडे वळली.

"सर. कोणाला बाहेर काढलंत?"

"कोणालाच नाही!"

"खरं सांगा. सवयीनं गेलं असेल तोंडातून."

"मॅडम, मी तो शब्द पाण्याबरोबर गिळलाय. अजून पोटात आहे."

तरीही सरांनी स्वतः व्हरांड्यात जाऊन पाहिले, कारण आपणांवर त्यांचाही पुरता भरवसा नव्हता. तेथे भूगोलाच्या बाईंखेरीज कोणी नव्हते. त्या पृथ्वीगोल हळूहळू फिरवीत होत्या, जैसे कोणी घर सोडण्यापूर्वी कुलूप पुनः पुनः पाहावे. सकाळची हजेरी तीसांची, दाराबाहेर कोणी गेला नाही, आणि आत भरती एकोणतीस. साहेबांनी पेन कागदावर टेकविले. चारही ताड चवड्यांवर झुलू लागले. लंबू दातओठ खाऊन म्हणाला, "साहेब, मला दोनदा मोजा ना. मी दोनदा नववीत आहे."

तो चंदावलीच्या बाकामागून, दप्तरांच्या ढिगाऱ्यातून, एक आवाज आला. बारीक, संथ, शिट्टीसारखा, आणि मग पुनः.

मॉनिटर मुलगी उडी मारून मागे गेली आणि तिने दप्तरे बाजूस सारिली. तेथे जमिनीवर पुलाच्या मुकादमाची लेक उताणी निजली होती. घरी धाकट्या भावास दात येत होते, रात्रभर घर जागले होते, आणि हजेरीस 'हजर' म्हणोन ही वीरांगना जी कलंडली होती तिला आठ माणसे, बारा दिवस, ताड, वृक्ष, भुजंग यांतील कशाचाही पत्ता नव्हता.

"अगं ए! ऊठ! सर, उठवू हिला?"

"खबरदार!" भिंतीस चिकटलेल्या पीटीच्या सरांनी ऐसी डरकाळी फोडली की छताचा चुना झडला, परंतु ती निजलेली हलली नाही. "हात लावू नकोस तिला! शवासन!"

साहेब आले. गुडघ्यांवर बसले. पोरीचे तळवे आकाशाकडे उघडे, पावले सैल, कपाळी एकही आठी नाही, आणि श्वास ऐसा चालला होता जैसी वारा नसता नाव चालते. साहेबांनी टोपण खाली घेतले. त्यांच्या मुद्रेवर प्रथमच कार्यालयाबाहेरचे काहीतरी उमटले.

"सगळ्यांत अवघड आसन हेच," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मला अजून जमलेलं नाही. डोळे मिटले की आकडे येतात." मग उठले, गुडघे झटकिले, टोपण त्या पोरीच्या शिरावर धरिले, परंतु अदबीने, जैसे कोणी चवरी ढाळावी, आणि म्हणाले, "तीस."

त्याच क्षणी घंटा जाहली. गणिताचे सर म्हणाले, "बसा." चारही ताड एकदम कोसळले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या ती खुर्ची आहे की नाही हे न पाहता, आणि सुदैवाने होती. साहेबांनी लिहिले जे, नववी ड, तीस, सर्व आसनस्थ, पद कायम, आणि सही केली, आणि जाता जाता पीटीच्या सरांस एकीकडे घेऊन विचारिले की, शवासनात आकडे थांबवावयास काही उपाय आहे काय. सरांनी सांगितले, "गणिताच्या तासाला मागं बसून बघा."

मग भूगोलाच्या बाई वर्गात आल्या. त्यांनी पृथ्वीगोल टेबलावर ठेविला आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसू लागल्या. फळा स्वच्छ होता तरी पुसत राहिल्या. पोरे हे पाहून गप्प जाहली, परंतु गप्प राहणे लंबूच्या प्रकृतीस मानवत नसे.

"बाई, आम्ही तुम्हाला वाचवलं."

"पाहिलं मी." बाईंनी डस्टर खाली ठेविला आणि वळल्या. डोळे लाल, परंतु आवाज जागेवर. "हात दुखत असतील ना?"

"खूप!" चौघे एकदम म्हणाले.

"खांद्यातून निघालेत, बाई."

"मग आज शिकवायचं नाही ना?" पलीकडून मुली म्हणाल्या.

बाईंनी सर्वांकडे एकवार पाहिले. मग हुकूम जाहला. "वह्या काढा. नकाशा. सगळ्या नद्या, उपनद्यांसकट."

"बाईऽऽ!" ऐसा जो आक्रोश उठला तो गनिमाच्या तलावापर्यंत ऐकू गेला. "अहो, तुमच्यासाठी आम्ही झाड झालो, बाई!"

"झाड झालात ना? मग पाणी कुठून येतं ते माहीत पाहिजे. काढा वह्या."

व्हरांड्यातून पाठीमागे फाइल धरून आडवे आडवे चालत निघालेल्या पीटीच्या सरांस बाईंनी हाक मारिली, "सर, बाहेर आहातच तर एक सांगून जा, ही खिडकी कोणत्या दिशेला?" सरांनी चाल बदलिली आणि फाइलीची पर्वा न करता पळ काढिला. हा या मोहिमेतील एकमेव पळ होय.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. नववी ड कायम, शिरे तीस, बाई कायम, भूगोल कायम, बाके दोन आणि विजार एक ही खर्ची पडली, ती पुढील सालच्या मागणीत नमूद केली आहेत. सायंकाळी वर्तमान घरी पोचताच सासूबाईंचे फर्मान आले जे, "बरं झालं. आता रोज वेळेवर घरी ये." यजमानांनी तटस्थपणे आनंद केला. ज्यांनी भूगोल राखिला त्यांसच भूगोल भोगावा लागला, परंतु थोर विजयांची रीत पूर्वापार हीच आहे. एकट्या मुकादमाच्या लेकीस बाईंनी उठविले नाही, अंगावर आपली ओढणी घातली, आणि बाकी एकोणतीस जण नदीमागून नदी काढीत असता ती मधल्या सुट्टीपर्यंत निजून राहिली. मग घंटेने जागी जाहली, दचकून बसली, आणि शेजारी उपनदी खोडीत बसलेल्या लंबूस विचारिले, "अरे, ते साहेब येऊन गेले का? मला मोजलं का?"

"हो," लंबू म्हणाला. "सगळ्यांत नीट तुलाच मोजलं."